मातीचा घोडा आणि दगडाचा भक्त

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात गोंडांचे देव बहुधा झाडाखाली असतात. येनाच्या नाही तर मोहाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड, शेजारी रोवलेला एखादा भाला किंवा टांगलेली घंटा, आणि कुठे कुठे भोवती वाहिलेले मातीचे घोडे. काही धड, काही मान तुटलेले, काही पावसापाण्यात झिजून, फुटून पुन्हा मातीला मिळत आलेले. गोंडवनात, बस्तरात, गुजरातच्या पूर्वपट्टीत आणि पार तमिळनाडूच्या अय्यनारच्या देवळांपर्यंत मातीच्या घोड्यांची ही परंपरा पसरली आहे. बल्लारपुरासारख्या कागद गिरणीच्या आणि कोळशाच्या गावातून कुठल्याही दिशेने थोडे आत गेले की अशी ठाणी असलेला मुलूख सुरू होतो. बाहेरचा माणूस हा घोडा पाहून तीनपैकी एक अर्थ लावतो. हे खेळणे आहे, किंवा खऱ्या जनावराऐवजी दिलेला स्वस्त ऐवज आहे, किंवा हाच आदिवासींचा देव आहे. माझ्या मते हे तिन्ही अर्थ चुकीचे आहेत. हा घोडा म्हणजे माणसाने देवाला दिलेल्या शब्दाची पूर्तता आहे. त्याचे मोल त्याच्या घडणीत किंवा टिकण्यात नाही. तो कोणी, कुठे आणि कशासाठी सोडला यात आहे. हे पटवून देण्यासाठी मला साडेचार हजार वर्षे मागे, आजच्या इराकमध्ये जावे लागेल. आपल्याकडच्या मातीवर काही लिहिलेले नाही. तिकडच्या दगडावर मात्र लिहून ठेवलेले आहे.

आधी आपल्याकडचा पुरावा पाहू. नागपुरात राहिलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोंडांच्या चालीरीती टिपून ठेवल्या. १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, पुराने फुगलेला नाला ओलांडताना ते बुडाले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. त्यांत कोडापेन या घोडादेवाचे वर्णन आहे. पावसाळा तोंडावर आला की गावाबाहेरच्या दगडाची पूजा व्हायची. पुजारी मातीचा घोडा आणि एक जिवंत कालवड पुढे करायचा आणि गुराढोरांचे, माणसांचे रक्षण मागायचा. कालवडीचा बळी जायचा, घोडा देवापाशी राहायचा. हिस्लॉप दुसऱ्या धर्माचे प्रचारक होते, तेव्हा त्यांच्या लेखणीवर पूर्ण विसंबून चालणार नाही हे खरे. गोंडांच्या देवांना ते देव मानत नव्हते. पण काय दिले, कधी दिले, कोणी दिले एवढा साधा तपशील चुकवण्याचे त्यांना काही कारण नव्हते. स्वस्त ऐवजाच्या गैरसमजाचे उत्तरही याच तपशिलात मिळते.

मातीचा घोडा हा गरिबाचा पर्याय असता, तर त्याच्या शेजारी जिवंत जनावर का द्यावे? शेतकऱ्याच्या घरात कालवडीची किंमत लहान नव्हती. ती दिली जातच होती. म्हणजे माती खर्च वाचवण्यासाठी आलेली नाही. शिवाय जंगलातल्या शेतकऱ्याकडे घोडा नव्हताच, त्यामुळे खरा घोडा राखून मातीचा पुढे करण्याचा प्रश्नच येत नाही. घोडा हे राजाचे आणि देवाचे वाहन होते. राखण करणारा देव रात्री शिवेवरून फिरतो, त्याला चढायला वाहन लागते, असा समज भारताच्या अनेक भागांत सापडतो. बळीचे जनावर देवाला जेवू घालते आणि त्याच दिवशी संपते. घोडा मात्र देवाच्या कामी येतो आणि मागे राहतो. दोन्ही दाने एकाच पूजेत शेजारी शेजारी होती आणि दोघांचे काम वेगळे होते. कुंभाराच्या हातचा मोठा घोडा पाहिला तर मागे राहण्याची ही तयारी त्याच्या घडणीतही दिसते. धड आणि चारही पाय चाकावर नळीसारखे ओढून पोकळ करतात आणि ओल्या मातीने जोडतात. कान चिमटीने काढतात. पोटाखाली किंवा शेपटीशी एक भोक मुद्दाम ठेवतात, नाहीतर आव्यात आतली हवा आणि वाफ कोंडून तो फुटेल. खेळण्यासाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही.

आता मेसोपोटेमिया. १९३४ मध्ये बगदादच्या ईशान्येला, दियाला नदीच्या खोऱ्यातल्या तेल अस्मर या टेकाडावर शिकागोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटचे उत्खनन चालू होते. त्याचे प्रमुख हेन्री फ्रँकफोर्ट होते. हे प्राचीन एश्नुन्ना शहर. तिथल्या अबू देवाच्या मंदिरात जमिनीखाली पुरलेल्या बारा मूर्ती सापडल्या. दहा पुरुषांच्या, दोन स्त्रियांच्या. सर्वांत उंच मूर्ती ७२ सेंटिमीटरची, लहान मूर्ती वीतभर. काळ साधारण इ. स. पू. २९०० ते २६०० यांच्या मधला. बहुतेक मूर्ती जिप्समच्या, म्हणजे नखाने ओरखडा उठेल अशा मऊ दगडाच्या. सगळ्यांचे हात छातीशी जुळवलेले, काहींच्या हातात लहानसे भांडे. पण पाहणारा अडकतो तो डोळ्यांपाशी. डोळ्यांच्या खोबणी चेहऱ्याच्या मानाने फार मोठ्या कोरल्या आहेत. त्यांत शंखाचे पांढरे तुकडे डांबराने चिकटवून मध्ये काळ्या दगडाचे बुबुळ बसवले आहे. पुरुषांच्या लांब केसांना आणि दाढीलाही डांबराचाच काळा लेप आहे. पापणी कुठेच मिटलेली नाही. समोर कोणीतरी आहे आणि त्याच्यावरून नजर हटवायची नाही, एवढेच काम या डोळ्यांना दिलेले आहे. शिल्पकाराला प्रमाणबद्ध चेहरा कोरता येत नव्हता म्हणून असे झाले, हे म्हणणे टिकत नाही. हात, भुवया, झालरीचे घागरे यांत त्याचा हात सराईत आहे. जिथे जोर द्यायचा होता तिथेच त्याने दिला.

या मूर्ती कोणाच्या? फ्रँकफोर्ट यांना वाटले की सर्वांत मोठा पुरुष म्हणजे स्वतः अबू देव आणि मोठी स्त्री म्हणजे त्याची देवी. पुरुषाच्या मूर्तीच्या बैठकीवर सिंहमुखी गरुड आणि हरणे कोरलेली आहेत, आणि स्त्रीच्या शेजारी एका लहान मूर्तीचे अवशेष आहेत, असा त्यांचा आधार होता. पुढच्या अभ्यासकांनी हे मत बहुतांशी सोडून दिले आहे आणि त्यांचे कारण मला सबळ वाटते. मेसोपोटेमियाच्या कलेत देव ओळखायची खूण म्हणजे शिंगांचा मुकुट. तो इथे कोणाच्याच डोक्यावर नाही. शिवाय मोठ्या दोघांचीही मुद्रा बाकीच्या दहांसारखीच आहे, हातातली भांडीही तशीच. देव स्वतःपुढे हात जोडून उभा राहणार नाही. तेव्हा बाराही जण भक्तच आहेत. मंदिराच्या आतल्या खोलीत सामान्य माणसाला सदासर्वकाळ उभे राहता येत नव्हते. त्याला शेत होते, घर होते, कारभार होता. म्हणून त्याने आपल्या जागी दगडाचा माणूस उभा केला. म्हणजे ज्याला आपण मूर्ती पाहताच सवयीने देव समजतो, तो इथे देवापुढचा माणूस आहे. गोंडांच्या ठाण्यावरही असेच आहे. देव दगडात किंवा झाडात आहे. घोडा देव नाही, तो देवाला वाहिलेला आहे. शेंदूर कशाला लावला आहे एवढे पाहिले तरी हे कळते.

हा सगळा अंदाजच राहिला असता, पण तिकडे लेख आहेत. त्याच १९३४ साली सीरियातल्या मारी येथे आंद्रे पारो यांना इश्तार देवीच्या मंदिरात एबिह-इल नावाच्या अधिकाऱ्याची बसलेली मूर्ती सापडली. उंची ५२ सेंटिमीटरच्या आसपास, दगड अलाबास्टर, डोळ्यांत अफगाणिस्तानातून आलेला निळा लाजवर्द. मूर्तीच्या पाठीवर त्याचे नाव, हुद्दा आणि ती इश्तारला अर्पण केल्याची नोंद आहे. सुमेरी, म्हणजे दक्षिण मेसोपोटेमियातल्या, अर्पणलेखांत एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो: ही वस्तू अमक्याने आपल्या आयुष्यासाठी वाहिली. राजाच्या आयुष्यासाठी, बायकोमुलांच्या आयुष्यासाठी वाहिल्याचेही लेख आहेत. सर्वांत बोलका लेख लागाशचा राजा गुदेआ याचा आहे, इ. स. पू. एकविसाव्या-बाविसाव्या शतकातला. त्याच्या बऱ्याच मूर्ती एर्नेस्त द सार्झेक यांनी १८७७ पासून तेल्लो येथे खणून काढल्या आणि त्या आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. एका मूर्तीत राजा मांडीवर मंदिराचा नकाशा घेऊन बसला आहे. तिच्यावरच्या लांबलचक लेखात या मूर्तीला रोज किती बिअर, किती भाकरी, किती पीठ द्यायचे हे ठरवून दिले आहे. मूर्ती चांदीची नाही, लाजवर्दाची नाही, तांब्याची नाही, ती काळ्या कठीण डायोराइटची आहे, असे मुद्दाम सांगितले आहे. मूर्तीने देवाशी काय बोलायचे तेही सांगितले आहे. आणि जो कोणी ती जागेवरून हलवील किंवा लेख पुसून टाकील त्याला शाप दिले आहेत.

चांदी नाही, लाजवर्द नाही हे राजाने एवढ्या अभिमानाने का लिहावे? चांदी-लाजवर्द पुढचा कोणीतरी वितळवील, उपटून नेईल, हे त्याला ठाऊक होते. मगान देशातून, म्हणजे आजच्या ओमानच्या बाजूने, समुद्रमार्गे आणलेला डायोराइट कोणाला दुसऱ्या कामाला सहज वापरता येत नाही. म्हणजे माल निवडताना किमतीपेक्षा एकच हिशेब होता: हे दिलेले दान दिलेलेच राहावे. राजाच्या हातात दगड होता, गोंड शेतकऱ्याच्या हातात माती. दोघांनीही असा माल निवडला की जो परत काढून विकून खाता येणार नाही. भाजलेल्या मातीच्या घोड्याला वितळवून काही मिळत नाही. मला हे साम्य फार महत्त्वाचे वाटते, कारण अर्पण ही एकेरी वाट आहे हे दोन्हीकडे वस्तूनेच पक्के केले आहे.

इथे जाणकार वाचक हरकत घेईल. सुमेर कुठे, चंद्रपूर कुठे! मधे चार-साडेचार हजार वर्षे आणि अर्धा आशिया खंड. शिवाय तिकडे मूर्ती माणसाच्या जागी उभी आहे, इकडे घोडा देवाच्या सेवेत. दोन्हींना एका दावणीला बांधणे बरोबर नाही. हरकतीचा पहिला भाग मान्य आहे. सुमेरची चाल इकडे आली असे माझे म्हणणे नाही आणि तसे म्हणायला काही पुरावाही नाही. मी तर आपल्याच विदर्भातली साखळीही जोडायला तयार नाही. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांत इ. स. पू. पहिल्या सहस्रकात माणसासोबत घोडे पुरलेले सापडले, त्यांच्या तोंडावर तांब्याचे अलंकार होते. हे पाहून कोणी म्हणेल की बघा, तोच घोडा पुढे मातीचा झाला. मोह होतो, पण मधल्या दोन हजार वर्षांचा दुवा हाती नाही, तो कल्पनेने भरणे हे इतिहासावर अन्याय करणे आहे. मी तुलना करतो आहे ती एका अडचणीची. देवाशी बोलणे एका क्षणाचे असते आणि गरज मात्र वर्षभराची असते. पूजा आटोपून माणूस घरी जातो, आणि पीक, गुरे, लेकरे यांची राखण तर पुढचे सगळे दिवस हवी असते. माणूस निघून गेल्यावर देवापाशी त्याचे काय उरते? सुमेरी भक्ताने स्वतःचे रूप ठेवले, गोंड शेतकऱ्याने देवाला लागणारे वाहन ठेवले. उत्तरे वेगळी आहेत म्हणूनच अडचण एकच होती हे उठून दिसते.

माणसाच्या जागी उभे राहणारे रूप आपल्या जंगलात नाही असेही नाही. भामरागडकडचे माडिया गोंड मेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. त्यावर चेहरा नाही, नाव नाही, पण तो दगड कोणाचा हे गावाला माहीत असते आणि त्या माणसाचे आता तिथे असणे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. डोळे कोरल्याशिवाय दगड कोणाचा प्रतिनिधी होत नाही, असे तेल अस्मरच्या मूर्ती पाहून वाटते. माडियांनी चेहऱ्याची गरजच ठेवली नाही. ओळख गावाच्या आठवणीत ठेवली. सुमेरच्या शहरात अनोळखी पुरोहितांच्या पिढ्या येणार-जाणार होत्या, म्हणून तिथे नाव कोरावे लागले. लहान वस्तीत तशी गरज नव्हती. त्यामुळेच मारीचा एबिह-इल आज पॅरिसमध्येही एबिह-इल राहिला, आणि भामरागडचा दगड गावातून उचलला तर निव्वळ दगड होईल.

दुसरी हरकत जास्त खोल आहे. वस्तू एवढी मोलाची, तर ती तुटून पडलेली कशी चालते? दुरुस्त का करत नाहीत, सावलीत का ठेवत नाहीत? याचे उत्तर शोधायला इनामगावला जावे लागते. पुणे जिल्ह्यात शिरूरजवळ, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीड दशक केलेले उत्खनन महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांचे घर उघडून दाखवते. हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांचे हे काम. तिथे इ. स. पू. १३००च्या सुमाराच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची लांबट गोल पेटी पुरलेली मिळाली. आत एक शीर नसलेली स्त्रीमूर्ती. पेटीच्या झाकणावर दुसरी स्त्री, हिला डोके आहे. सोबत एक बैल. बैलाच्या पाठीवर भोक आणि शीर नसलेल्या मूर्तीच्या पोटात भोक. बारीक काडी घातली की देवी बैलावर उभी राहते. आणि हे सगळे कच्च्या मातीचे, न भाजलेले. ज्या गावात उत्तम भाजलेली, रंगवलेली मडकी घरोघरी होती तिथे हे मुद्दाम कच्चे ठेवले गेले. एखाद्या विशिष्ट प्रसंगी, बाळंतपण किंवा आजारपण असेल, पूजा करून ते पुरून टाकले असावे, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे आणि कच्ची माती पाहता तो रास्त वाटतो. काम झाले, वस्तू पुरली. तेल अस्मरच्या बारा मूर्तीही अशाच, मंदिर नव्याने बांधायच्या वेळी फेकून न देता जमिनीत ठेवलेल्या होत्या. अर्पण केलेली वस्तू कचरा होत नाही, पण ती नवी ठेवण्याची जबाबदारीही कोणावर नाही. येनाखालचा मान तुटलेला घोडा म्हणूनच हेळसांड नव्हे. त्याचे काम ज्या दिवशी तो ठेवला त्या दिवशीच पुरे झाले. पुढच्या वर्षीचे काम पुढच्या वर्षीचा घोडा करील.

याची उलट बाजू पाहायची असेल तर लालपेठला जावे. चंद्रपूर शहराच्या दक्षिणेला, बल्लारपूरच्या वाटेवर, उघड्यावर प्रचंड शिळा कोरलेल्या पडल्या आहेत: दशमुखी दुर्गा, जिला लोक दहा तोंडांमुळे रावणही म्हणतात, गणपती, हनुमान, नंदी, शिवलिंग. गोंड राजांच्या काळात रायप्पा कोमटी नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याने मोठे शिवमंदिर बांधायचे ठरवून त्या कोरवून घेतल्या, आणि त्याच्या मृत्यूने सगळे जिथल्या तिथे थांबले, असे परंपरा सांगते. आज ते पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. पैसा लागला, कारागिरी लागली, एकेक शिळा हलवायला माणसांचा तांडा लागावा एवढे आकारमान. पण देऊळ झाले नाही, प्राणप्रतिष्ठा झाली नाही, म्हणजे देणे पूर्ण झाले नाही. कोणी म्हणेल, या देवांच्या मूर्ती आहेत, नवसाचा घोडा नव्हे. तुलना कशी करता? मूर्ती देवांच्या आहेत हे खरे, पण मंदिर हे रायप्पाचेच अर्पण होते. मूठभर मातीच्या घोड्याने जे साधले ते एवढ्या दगडाने साधले नाही, कारण घोडा सोडून दिला गेला आणि शिळा मालकाच्या हातूनच सुटल्या नाहीत.

देण्याची ही रीत जंगलापुरती नाही. चंद्रपूरच्या महाकालीच्या चैत्रयात्रेला नांदेड-परभणीकडून आणि तेलंगणातून लोक येतात, ते नवस फेडायला. महाराष्ट्रभर देवीला चांदीचे डोळे वाहतात, मूल झाले की पाळणा बांधतात. वांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घर, बाळ विकत मिळते. ज्याचे जे दुखते किंवा ज्याला जे हवे ते तो वाहतो. तिथे येणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ असतात. मेण वितळते, चांदी कधीतरी देवस्थानच्या हिशेबात जाते. वाहणाऱ्याला त्याची खंत नसते.

खंत करायची ती दुसऱ्या गोष्टीची. गेल्या काही दशकांत ठाण्यावरचे घोडे, भाले, लाकडी खांब उचलून शहरातल्या दुकानांत ‘आदिवासी कला’ म्हणून विकले जातात, दिवाणखान्यात मांडले जातात. ज्यांना ते सुंदर वाटतात त्यांच्या आवडीला माझा विरोध नाही. पण कुंभाराकडून नवा घोडा विकत घेणे आणि देवापाशी सोडलेला घोडा उचलणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिला अजून कोणालाच दिलेला नाही, त्यावर कुंभाराचा हक्क आहे आणि त्याची मजुरी त्याला मिळायला हवी. दुसरा कोणाचा तरी पावसाळ्यासाठी दिलेला शब्द आहे. संग्रहालयांनाही हे लागू आहे. तेल अस्मरच्या मूर्ती आज बगदाद, शिकागो आणि न्यूयॉर्क अशा विखुरल्या आहेत, तरी त्या आपल्याशी बोलतात, कारण त्या कोणत्या मंदिरात, जमिनीच्या कोणत्या थरात, कशा मांडणीत सापडल्या याची नोंद उत्खनन करणाऱ्यांनी ठेवली. गोंडवनातला घोडा संग्रहालयात येतो तेव्हा त्याच्या पाटीवर बहुधा ‘मृण्मय अश्व, विदर्भ’ एवढेच असते. तो कोणत्या गावच्या शिवेवरचा, कोणत्या देवाचा, कोणत्या महिन्यात वाहिलेला, भुमकाने, म्हणजे गोंड पुजाऱ्याने, त्या वेळी काय मागितले, आणि मुख्य म्हणजे तो तिथून हलवायला गावाने होकार दिला होता का, एवढे पाच प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवायला फार खर्च येत नाही. ज्या घोड्यांच्या बाबतीत ही उत्तरे मिळणार नाहीत ते आहेत तिथेच, झाडाखाली राहू द्यावेत.